शब्द बदलून मिळेल

माझं इंग्रजी लोकांना समजतं, म्हणून मला शिकवू देत नाहीत. हे आनंदराज सरांचं मत आहे आणि त्यांच्या मताला नांदेडात वजन आहे. सात वर्षांपूर्वी एम.ए.चा मार्कमेमो घेऊन मी त्यांच्या 'शब्दवैभव क्लासेस'मध्ये नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी मला दहा मिनिटं वर्गात उभं केलं. मुलांना सगळं कळलं. बाहेर आल्यावर सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "महानंदा मॅडम, पालक फी कशाची देतात? अवघडपणाची देतात. पोरगं घरी जाऊन 'सोपं होतं' म्हणालं तर उद्या कोण येईल इथं?" तेव्हापासून मी दाराजवळच्या टेबलावर बसते. फॉर्म भरून घेते, चौकशीचे फोन उचलते आणि शब्द वाटते.

शब्द वाटते म्हणजे काय, तेही सांगते. आमचा क्लास दहावीच्या मुलांचा, संध्याकाळचा. इथं रोल नंबर नसतो. प्रवेश घेताना प्रत्येक मुलाला एक अवघड इंग्रजी शब्द मिळतो आणि वर्षभर तेच त्याचं नाव. शब्दाचं कार्ड लॅमिनेट करून गळ्यात घालायचं. हजेरीला सर शब्द पुकारतात आणि मुलानं 'येस सर' म्हणून अर्थ सांगायचा. "इम्पेकेबल?" "येस सर, ज्याच्यात खोट काढता येत नाही असा!" असं ओरडणाऱ्या मुलाच्या शर्टाला दोन बटणं नसतात, पण आवाज खणखणीत असतो. साठ मुलं, साठ शब्द, रोज एकदा कानावरून जातात. वर्ष संपेपर्यंत भिंतींनासुद्धा पाठ होतात. पद्धत चांगली आहे हो. माझी चिडचिड होते ती त्यामुळेच. वाईट पद्धतीला नावं ठेवणं सोपं असतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी शब्दबारसं असतं. पाळणा तेवढा नसतो, बाकी सगळं असतं. घुगऱ्या वाटतात. प्रत्येक मुलाच्या आत्यानं यायचं, मुलाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करायचं आणि शब्द सांगायचा. ही सरांची कल्पना. त्यामुळे लोह्याहून, कंधारहून, देगलूरहून आत्या येतात, हातातल्या चिठ्ठीवर मी देवनागरीत लिहून दिलेला शब्द पुटपुटत बसतात आणि वेळ आली की सहा फुटी भाच्याला खाली वाकवून त्याच्या कानात 'कुर्रर्र, एफर्व्हसंट' असं म्हणतात. पाठीत बुक्के पडतात. पेपरात फोटो येतो.

शब्द कोणता मिळणार यावरून मात्र बारशाआधीचे पंधरा दिवस माझ्या टेबलाचं तहसील कार्यालय होतं. लोक शब्दाकडे औषधासारखे बघतात. एक आई म्हणाली, "आमचं सारखं झोपतंय मॅडम, त्याला जागं राहायचा काहीतरी द्या." त्याला इंडिफॅटिगेबल दिला. न थकणारा. ते पोरगं आता कार्ड गळ्यात घालून झोपतं. एक बाई म्हणाली, "आमची लई बोलती, जरा कमी होईल असा बघा." तिच्या मुलीला लॅकोनिक दिला, मोजकंच बोलणारी, तर लॅकोनिक म्हणजे काय हे ती दिसेल त्याला अर्धा अर्धा तास समजावून सांगते. कोणी पत्रिका घेऊन येतो, पोराचं रास नाव 'ठ'वर निघालंय म्हणतो आणि इंग्रजीत 'ठ' नाही म्हटलं तर माझ्या शिक्षणावर संशय घेतो. व्होरेशियस म्हणजे खादाड, हे कळल्यावर एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं, "आमच्या घरचं तुमी काय खाल्लंय, सांगा बरं."

या सगळ्यांवर उपाय म्हणून मी टेबलामागे एक पाटी लावली होती, 'एकदा दिलेला शब्द बदलून मिळणार नाही'. ती आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी अर्जुनराव आले.

अर्जुनराव म्हणजे आमचा क्लास ज्या इमारतीत आहे तिचे मालक. विष्णुपुरीकडे त्यांचं मंगल कार्यालय आहे, दोन पेट्रोल पंप आहेत आणि शिवम नावाचा एक मुलगा आहे. शिवमला मी डिलिजंट दिला होता. कष्टाळू. अर्जुनरावांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या पोराला कष्ट करायची काय गरज हाय, मॅडम?" मी पाटीकडे बोट केलं. सर आतून धावत आले. पाटीवरच्या 'णार नाही'वर कागद चिकटवून त्यांनी स्वतःच्या हातानं 'ेल' लिहिलं, आणि शिवमला आमच्या यादीतला सगळ्यात वजनदार शब्द मिळाला, मॅग्नॅनिमस. मोठ्या मनाचा. आपल्याजवळचं दुसऱ्याला देणारा. अर्जुनरावांना अर्थ पसंत पडला. ते म्हणाले, "हां. ह्यो खानदानी वाटतो."

पाटी बदलल्यावर मग काय, शब्दांचा बाजारच भरला. बड्यांच्या मुलांना बडे शब्द गेले. जे शब्द तीन-तीन घरं फिरून परत आले ते माझ्या खणात जमा झाले. त्यातला सगळ्यात जास्त वेळा परत आलेला शब्द होता टेनेशियस. चिवट. धरलेलं न सोडणारा. तिन्ही वेळा पालकांनी एकच सांगितलं, 'चिवट' म्हणजे काय नाव झालं?

आरती आली ती अशा वेळी. अर्धापूरची, सडपातळ, नाकावर घाम. सोबत आई होती, चतुराबाई. नवरा लवकर गेला, दीड एकरात केळी आहे, आणि बाकीचे दिवस चतुराबाई दुसऱ्यांच्या बागेत घड तोडून गाडीत भरायला जाते. दोघी मायलेकी बारशाच्या दिवशीच आल्या, शब्दासाठी आधी यायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खणात टेनेशियस होता, तो मी काढून दिला. खरं म्हणजे उरलेला दिला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण असंच झालं.

चतुराबाईनं अर्थ विचारला. मी सांगितला. तिनं तो तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवला आणि म्हणाली, "बरा हाय की. हिचंच नाव हाय हे." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "आत्या न्हाई हो हिला. कोण सांगावं कानात?"

म्हणून मी सांगितला. घामेजलेल्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी 'कुर्रर्र' केलं, टेनेशियस म्हटलं, तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. त्या दिवसापासून चतुराबाई मला 'वन्सं' म्हणायला लागली आणि आरती 'आत्या मॅडम'. माझं लग्न झालेलं नाही, भाऊ नाही. फुकटात भावजय आणि भाची मिळाली, घुगऱ्यांसकट.

आता सीटचं. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजशी आमच्या सरांचा घरोबा आहे. ते कॉलेज दरवर्षी आमच्या एका मुलाला अकरावी-बारावी सायन्सची सीट देतं, हॉस्टेल आणि जेवणासकट, एक रुपया न घेता. दहावीची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये लातूरला 'शब्दसोहळा' होतो. प्रत्येकानं आपल्या शब्दावर दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं आणि जो शब्द उत्तम जगला त्याला सीट. 'जगला' हा सरांचा शब्द आहे. 'शब्द पाठ करू नका, शब्द जगा' हे आमच्या भिंतीवर दोन ठिकाणी रंगवलेलं आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाची एक आचरण वही असते. शब्दाप्रमाणे आठवड्यात कसं वागलो ते मुलानं लिहायचं, पालकानं खाली सही करायची.

आरतीला ती सीट हवी होती. हवी होती म्हणजे दुसरं काही नव्हतंच. गावाजवळच्या कॉलेजात सायन्सला शिक्षक नाही. सीट मिळाली तर लातूर, नाही मिळाली तर आर्ट्सला नाव घालायचं आणि आईबरोबर गाड्या भरायला जायचं, हे घरात ठरलेलं होतं आणि त्यात कोणी रडारड केली नव्हती. चतुराबाईनं मला एकदाच सांगितलं, "वन्सं, मी हिला दोन वर्षं गाडीवर न्हाई नेलं तर चालवून घेईन. पण लातूरची खोली, मेस मला झेपत न्हाई. तेवढं हिचं हिनं आणायचं."

वह्या तपासायचं काम माझं. शिवमची वही अर्जुनरावांनी ड्रायव्हरच्या हाती जानेवारीत एकदम पाठवली, तीस आठवड्यांच्या तीस सह्या एकाच पेनानं केलेल्या. आत शिवमनं लिहिलं होतं, 'आज मी मित्राला पेन वापरू दिला.' पुढच्या पानावर, 'आज मी त्याच मित्राला तोच पेन वापरू दिला.' दिवाळीच्या सुमारास त्यानं पेन देऊनच टाकला असावा, कारण नंतरची पानं कोरी होती. पोरगा वाईट नाही हो. त्याला कोणी काही द्यायची वेळच येऊ दिली नव्हती.

आरतीच्या वहीत असं होतं : 'आज एस.टी. सुटली. पुढच्या थांब्यापर्यंत पळाले. मिळाली.' 'आज घड खांद्यावरून निसटत होता. सोडला नाही.' 'आज गणित चार वेळा चुकलं. पाचव्या वेळेस आलं. रात्रीचं जेवण गार झालं.' खाली चतुराबाईची सही. सही करायला ती पाच मिनिटं घ्यायची, आणि सहीआधी सगळं वाचून घ्यायची. कधी कधी नापास करायची. "ह्या आठवड्यात न्हाई बसलं शब्दावर. लवकर झोपली दोनदा. मी सही न्हाई करणार." साठ पालकांत ही एकटी बाई आमच्या भिंतीवरचं वाक्य खरं मानून बसली होती. सरांनी ते रंगवून घेतलं तेव्हा त्यांना असल्या धोक्याची कल्पना नव्हती.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सरांनी मला एक चिठ्ठी दिली. सीटच्या पत्रावर टाइप करायचं नाव होतं. शिवम अर्जुनराव, पुढे आडनाव.

"सर, भाषणं उद्या आहेत," मी म्हटलं.

"आहेतच की. पण लातूरला ऐन वेळेला प्रिंटर मिळतो न मिळतो." सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि हॉलचं अर्जुनरावांनी बघितलंय, बस त्यांची, जेवण त्यांचं. इमारत तर माहितीच आहे तुम्हाला. आपण माणसं आहोत की नाही?"

मी टाइप केलं. स्पेलिंग दोनदा तपासलं, कारण ती माझी सवय आहे. लॅमिनेट केलं. कडा गरम होत्या, त्या रुमालानं पुसल्या. घरी जाऊन आईवर उगाच ओरडले. दुसरं काय करणार होते? नोकरी सोडली असती तर दुसऱ्या कोणी टाइप केलं असतं आणि स्पेलिंग चुकवलं असतं. ही मी त्या दिवशी स्वतःला सांगितलेली गोष्ट आहे. ती तेव्हाही पटली नव्हती.

रविवारी सकाळी अर्जुनरावांच्या बसनं आम्ही लातूरला गेलो. मुलं खिडकीतून शब्द ओरडत होती. चतुराबाई माझ्या शेजारी बसली होती, इस्त्रीचं लुगडं, पदराखाली प्लास्टिकच्या डब्यात धपाटे. लोह्याच्या पुढे तिनं मला एक धपाटा दिला आणि विचारलं, "वन्सं, खरं सांगा. मिळंल का हिला?"

मी तोंडात घास असल्याचं निमित्त केलं.

हॉल भरला होता. स्टेजवर लातूरच्या कॉलेजचे प्राचार्य, सर, अर्जुनराव आणि निवृत्त झालेले एक परीक्षक. परीक्षकांना पहिल्या तीन शब्दांतच डुलकी लागली. मुलं एकेक करून आली. गार्गांचुअन म्हणजे अवाढव्य, हे चौतीस किलोच्या एका मुलानं टाचा उंचावून सांगितलं. लॅकोनिकला दोन मिनिटांची घंटा तीनदा वाजवावी लागली. शिवम आला, पाठ केलेलं सरांचं भाषण त्यानं बरोबर म्हटलं, एकदा अडला, खाली बघून पुढे गेला.

मग आरती. तिचं इंग्रजी मी शिकवलं होतं. सर आत मोठमोठे शब्द फळ्यावर लिहायचे आणि ती सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन वाक्यं करायची. त्यामुळे तिचं इंग्रजी समजायचं. ती म्हणाली, माझ्या गावात केळी आहे. केळीला चीक असतो. घड तोडला की तो अंगावर सांडतो, कपड्याला लागला की काळा पडतो आणि कशानंही जात नाही. माझ्या आईची एकही साडी अशी नाही की जिच्यावर तो डाग नाही. मी सहावीत असताना मला त्याची लाज वाटायची. आता मला गळ्यात हा शब्द मिळाला आहे, तेव्हा मी घरी जाऊन त्या डागांना नाव दिलं. टेनेशियस. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मग धुवायला नको आता.

हॉल हसला. चांगला, मनापासून हसला. परीक्षक जागे झाले होते. प्राचार्य पुढे सरकून बसले होते. आणि मी पिशवीतलं लॅमिनेट केलेलं पत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. असं वाटत होतं की जागा मिळेल तिथं पळून जावं.

निकाल सरांनीच वाचला. मॅग्नॅनिमस. टाळ्या झाल्या, पण त्या अर्जुनरावांच्या बाजूनं सुरू होऊन आमच्या बाजूला पोहोचेपर्यंत विरल्या. आरतीनं टाळ्या वाजवल्या. तिनं त्या शेवटपर्यंत वाजवल्या, आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पत्र माझ्या पिशवीतून स्टेजवर गेलं, शिवमनं ते घेतलं. सरांनी माइक त्याच्यासमोर धरला. "सांग बेटा सगळ्यांना, मॅग्नॅनिमस म्हणजे?"

"येस सर. मोठ्या मनाचा. आपल्याजवळचं दुसऱ्याला देणारा."

"वा! आणि हा शब्द तू...?"

"वर्षभर जगलो, सर."

तेवढ्यात बायकांच्या खुर्च्यांतून चतुराबाई उठली. मी तिचा पदर धरायला गेले, तो हातातून सुटला.

"सर, एक बोलू का?"

हॉल वळला. सरांना वाटलं आभार मानायचे असतील. ते म्हणाले, "बोला, बोला माउली."

"मी भांडायला न्हाई उठले," चतुराबाई म्हणाली. आवाज बारीक होता पण हलत नव्हता. "मला एवढंच कळंना झालंय, म्हणून विचारते. हे लेकरू म्हणलं, मोठ्या मनाचा. आपलं दुसऱ्याला देणारा. वरीसभर तसंच वागलंय म्हणलं. तुमीच सांगितलं हाय, शब्द जगायचा. मग आज ती सीट देऊ द्या की त्याला. त्यांला काय कमी हाय? त्यांला हजार जागा मिळतील. आमच्या पोरीला हीच एक लागती."

तिनं टोमणा मारला नव्हता, हेच कोणाला झेपत नव्हतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ही बाई सगळ्या सभेत एकटीच शब्दाचा अर्थ विचारत होती.

आणि शिवम पुढे आला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं पत्राकडे बघितलं, आरतीकडे बघितलं आणि स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवला. पत्र धरलेला हात थोडा पुढे झाला होता. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी द्यायची संधी मिळाली होती, आणि त्याला ते जमलं असतं.

"शिवम," अर्जुनराव म्हणाले. "जरा थांब."

ते रागावले नव्हते. मोठ्या माणसांना रागवायची गरज पडत नाही. ते उठले, सरांच्या हातातून माइक घेतला आणि विचारपूर्वक म्हणाले, "ताईंचं बोलणं गलत न्हाई. शब्द तसा हाय, तर वागणं तसंच पाहिजे. मला मान्य हाय. सर, त्यांच्या मुलीचा शब्द कोणता?"

"टेनेशियस," सर म्हणाले.

"म्हंजे?"

"चिवट. हातात धरलेलं न सोडणारा."

"हां." अर्जुनरावांचा चेहरा खुलला. "मग त्यो आमाला द्या. आमचा त्यांना द्या. बदलून मिळतो ना?"

सरांना एक क्षणच लागला. मला त्यांचं कौतुक वाटतं ते इथंच. त्यांनी माइक परत घेतला आणि भरल्या गळ्यानं जाहीर केलं की शब्दवैभव क्लासेसच्या इतिहासात असा प्रसंग झाला नव्हता, की एका श्रीमंत घरानं आपला सगळ्यात मोठा शब्द एका कष्टकरी माउलीच्या लेकीला देऊन टाकला, आणि स्वतःकडे साधा, कोणालाही नको असलेला शब्द घेतला. याला म्हणतात मन! प्राचार्यांनी आधी टाळी वाजवली. मग सगळ्या हॉलनं वाजवली. या वेळी टाळ्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचल्या. परीक्षकांनी डोळे पुसले. अर्जुनरावांनी हात जोडले. शिवमनं पायरीवरचा पाय मागे घेतला आणि पत्र छातीशी धरलं. नव्या शब्दाप्रमाणे आता ते सोडून चालणार नव्हतं.

"मॅडम, कार्डं," सर माझ्याकडे बघून म्हणाले.

कार्डांचं काम माझं असतं. मी स्टेजवर गेले. शिवमच्या गळ्यातून कार्ड काढलं. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आरतीला वर बोलावलं. ती आली. तिच्या गळ्यातून टेनेशियस काढताना दोरी तिच्या वेणीत अडकली, ती मला सोडवेना. शेवटी तिनंच सोडवून दिली. मी मॅग्नॅनिमस तिच्या गळ्यात घातलं. फोटोवाला म्हणाला, मॅडम थोडं बाजूला.

आरती कार्डाकडे बघत होती. तिला अर्थ माहीत होता. साठही शब्दांचे अर्थ माहीत होते तिला, रोज हजेरीला ऐकलेले.

"आत्या मॅडम," ती हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल एवढं. "म्हणजे आता सीट मीच त्याला दिली, असं झालं का?"

इंग्रजीत एम.ए. आहे मी. सात वर्षं अर्थ सांगायचंच काम करते. हो म्हणाले असते तर ते खरं होतं, नाही म्हणाले असते तर तेही खरं होतं, आणि दोन्ही म्हणायची मला लाज वाटली. मी तिथंच सगळ्यांसमोर रडायला लागले. लोकांना वाटलं आनंदाचं आहे. आणखी टाळ्या पडल्या.

चतुराबाई वर आली नव्हती, तरी कधी येऊन पायरीशी उभी राहिली ते कळलं नाही. तिनं हात धरून लेकीला खाली ओढलं, तिच्या गळ्यातलं कार्ड काढलं, नीट दोरी गुंडाळली आणि माझ्या हातात दिलं.

"हे ठेवा वन्सं," ती म्हणाली. "एवढं मोठं मन आपल्याला परवडत न्हाई."

मग जेवणाच्या रांगेला लागलेल्या साठ शब्दांमधून वाट काढत दोघी बाहेर पडल्या. अर्जुनरावांच्या बसची त्यांनी वाट बघितली नाही. मी मागे धावले तेव्हा त्या रिक्षा थांबवून एस.टी. स्टँड किती लांब आहे ते विचारत होत्या.